इंदूरची गच्ची: फाल्गुनातला बहर आणि वैशाखाची तयारी

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सुदामा नगरात स्वतःचं घर, गच्चीवर चाळीसेक कुंड्या, मागच्या अंगणात एक कलमी आंबा, मोगरा आणि बोगनवेल. डिसेंबरात नर्सरीतून आणलेले पेटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, पॅन्झी आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुफान फुललेत. गेल्या वर्षी मात्र रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली आणि त्यानंतर बघता बघता सगळं करपलं. मे महिन्यात तुम्ही पंधरा दिवस माहेरी पुण्याला जाऊन आलात, तोवर निम्म्या कुंड्या वाळून गेल्या होत्या. हा बहर किती टिकवता येईल आणि उन्हाळ्यासाठी आत्तापासून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी इंदुरात घरगुती बागा सांभाळायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यातून जे पटलंय ते सांगतो.

टिकवण्याबद्दलचं उत्तर तुम्हाला निम्मंच आवडेल. ही फुलं थंडीची आहेत. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारचा पारा 29-30 च्या आसपास असतो, मार्चअखेर तो 36-37 ला जातो आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठायला लागतो. पॅन्झी तर तिशी ओलांडली की दर आठवड्याला लहान लहान फुलं द्यायला लागते. आपलं काही चुकतंय असं वाटून लोक तिला खत घालत बसतात. चुकत काही नसतं, तिचा मुक्काम संपत आलेला असतो. एप्रिलमध्ये हंगामी फुलांना सलाइन लावून जगवण्यात काही अर्थ नाही. त्या महिन्यात तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ मोगऱ्याला, सदाफुलीला द्या. थंडीची बाग आणि उन्हाळ्याची बाग या दोन वेगळ्या बागा आहेत, कुंड्या तेवढ्या त्याच. एक उतरवून दुसरी चढवायचं काम मार्चमध्ये करायचं. ज्यांचा मार्च नुसता फुलं बघण्यात जातो, त्यांचा मे रडण्यात जातो.

तरीही तीन-चार आठवडे बहर लांबवता येतो, आणि त्याला खत लागत नाही, बोटं लागतात. फूल सुकलं की झाड बी धरायला लागतं, आणि बी धरलं की नवी कळी काढायची त्याला गरज उरत नाही. म्हणून सुकलेली फुलं काढायची. बहुतेक जण पेटुनियाचं लोंबणारं, चिकट झालेलं फूल चिमटीत धरून ओढतात. ते अलगद निघून येतं आणि काम झालं असं वाटतं. पण नीट पाहा, फूल निघालं तरी मागे पाच टोकांची हिरवी वाटी तशीच राहते आणि तिच्या मध्यभागी एक छोटी हिरवी गाठ असते. ती गाठ म्हणजेच बोंड. ते राहिलं तर नुसत्या पाकळ्या काढून काहीच साधत नाही. वाटीखाली, देठाला नख लावून तोडा. बोटं चिकट होतात, पण दुसऱ्या दिवशी परत चिकट होणारच असतात. फ्लॉक्स आणि डायन्थसला कात्री चालवा, एकेक फूल वेचत बसू नका. पेटुनियाच्या फांद्या लांब, टकल्या होऊन टोकालाच फुलत असतील तर आत्ता सरळ निम्म्या कापा. आठ-दहा दिवस कुंडी भकास दिसेल, मग नवे फुटवे येऊन गुढीपाडव्याच्या आसपास एक शेवटचा झोत मिळतो. या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून अशा जागी ठेवा जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि बारानंतर सावली येईल. नुसती जागा बदलूनही पुष्कळ फरक पडतो.

दोन-तीन चांगली झाडं मात्र बियांसाठी सोडा. कॅलेंडुला, हॉलीहॉक, नॅस्टर्शियम, फ्लॉक्स यांचं बी घरी धरतं आणि पुढच्या ऑक्टोबरात उगवतं. बोंड पिवळसर तपकिरी झाल्यावर, फुटायच्या आत काढायचं, सावलीत वाळवायचं आणि कागदी पाकिटात ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून बुरशी येते. नर्सरीतल्या दुरंगी पेटुनियाचं बी ठेवू नका. तो संकर असतो, पुढच्या पिढीत रंग भलतेच निघतात. शेवंतीची फुलं संपली असतील तर झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा आणि सावलीत ठेवा. बुडातून आलेले मुनवे उन्हाळा काढतात आणि पावसाळ्यात त्यांचीच रोपं करता येतात. डेलियाची पानं वाळली की कंद उकरून कोरड्या वाळूत ठेवा.

आता गेल्या वर्षी काय झालं असेल, त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की रोज दोन वेळा पाणी घालत होतात, तरी झाडं वाळली. मला संशय आहे तो मातीचा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत रोप बहुतेक काळ्या मातीच्या गोळ्यात येतं. काळी माती शेतात सोन्यासारखी, कुंडीत मात्र तिचा त्रास होतो. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि दगड होते. एक करून बघा. दुपारी एखादी कुंडी तपासा. माती आणि कुंडीची कड यांच्यामध्ये बोटाचं टोक जाईल एवढी फट दिसली, तर तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर पडतंय. वरून कुंडी ओली, खालून पाणी आलं म्हणजे पोट भरलं असं आपल्याला वाटतं, आणि मधला गोळा कोरडाच. मुळं सगळी त्या गोळ्यात. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवावी लागते, बुडबुडे थांबेपर्यंत. तेव्हा कुठे मधली माती भिजते.

याचा कायमचा इलाज म्हणजे कुंडी बदलणं, आणि ते आत्ताच करायचं, मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा ही शेवटची मुदत. एप्रिल-मेमध्ये मुळांना धक्का दिला तर झाड परत उभं राहत नाही. जास्वंद, सदाफुली, अनंत, कण्हेर, अडेनियम, जे जे वर्षभर ठेवायचंय त्याचा गोळा बाजूने थोडा सोडवा, सगळी काळी माती काढायचा हट्ट नको. भोवती लाल किंवा मुरमाड माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी भरड वाळू असं मिश्रण भरा. कोकोपीट घालायचं तर बेताने. ते एकदा पूर्ण सुकलं की तेही लवकर पाणी धरत नाही. अडेनियमला वाळूचं प्रमाण निम्म्याच्या पुढे चालतं, तिला ऊन जितकं तितकं बरं.

खताचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. तुम्ही लिहिलंय की कडुनिंबाचा आणि शेजारच्या पिंपळाचा पाचोळा तुम्ही रोज कचरागाडीला देता. ताई, ही आपल्या शहराची सवय, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या इंदुरात गाडीचं गाणं वाजलं की हात आपोआप डब्याकडे जातो. पण पाचोळा देऊ नका. पाचोळ्यापासून खत करायची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते ती इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात बसवली गेली. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आणि त्यांच्याबरोबर या कामात होते यशवंत वाड. आपल्या मराठी घरांतून वाडांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. पद्धत साधी आहे. पाचोळा आणि काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, थोडी माती आणि राख, पुन्हा थर. तुडवायचं नाही, ओलावा राखायचा आणि मधून मधून उलथवायचं, म्हणजे आत हवा जाते. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. मार्चमध्ये पानगळ असते तेव्हा ढीग लावला, तर ऐन पावसाच्या तोंडावर खत हातात येतं. अंगणाच्या कोपऱ्यात विटांचा छोटा हौद केला तरी पुरे.

सगळा पाचोळा खतात घालू नका. निम्मा आच्छादनाला लागेल. प्रत्येक कुंडीत आणि आंब्याच्या आळ्यात दोन इंच जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. मेमध्ये उघडी माती आणि झाकलेली माती यांत हात घालून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही.

उन्हाळ्याची नवी फुलं म्हणाल, तर झिनिया, गलांडा, पिवळा कॉसमॉस आणि कोचिया यांचं बी आत्ता टाका. झिनियाला एका जागेवरून दुसरीकडे हलवलेलं आवडत नाही, तिचं बी थेट मोठ्या कुंडीतच पेरा, आठवड्याच्या आत उगवतं. मार्चअखेर पॅन्झीच्या कुंड्या रिकाम्या होतील तेव्हा बाकीची रोपं तिथे जातील. चिनीगुलाबाचे दोन-दोन इंचांचे तुकडे मातीत खोचले तरी लागतात. त्याची फुलं ऊन चढलं की उघडतात आणि दुपार टळायच्या आत मिटतात, तेव्हा संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी ते झाड नाही. सदाफुलीबद्दल लोक नाक मुरडतात. मेच्या दुपारी तीन वाजता, तापलेल्या गच्चीवर, मान ताठ ठेवून फुलणारं दुसरं झाड मला दाखवा, मग बोलू. अंगणात जागा असेल तर गिलकी आणि दुधीचा वेल गच्चीच्या पश्चिम कठड्यावर चढवा. भाजी मिळेल ती मिळेल, भिंतीवरची सावली अधिक मोलाची.

मोगऱ्यावर मात्र सविस्तर बोलतो, कारण इंदूरच्या उन्हाळ्याचं खरं सुख त्यात आहे. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करायची असते. तुमची राहिली असेल तर आत्ताही हलकी करा. पेन्सिलीपेक्षा बारीक आणि वाळक्या फांद्या काढून टाका, बाकीच्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापा, जुनी पानं हाताने ओरबाडून काढा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी तोडलेलं बरं, झाडाला थोडी उपासमार झाली पाहिजे. मग आळं उकरून मुळांना एक दिवस ऊन दाखवायचं, दोन ओंजळी शेणखत, मूठभर हाडांचं खत घालून भरपूर पाणी द्यायचं. कोवळी फूट येते तिच्याच टोकाला कळ्या धरतात. जुन्या फांदीवर फूल येत नाही, छाटणीचं कारणच ते. छाटणीपासून पाच-सहा आठवड्यांनी पहिल्या कळ्या दिसतात. आत्ता छाटलंत तर चैत्रगौर बसल्यावर, तृतीयेच्या पुढे केव्हातरी सुरुवात होईल आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत ओंजळभर फुलं रोज निघतील. हळदीकुंकवाला बाजारातून गजरे आणायची गरज पडू नये एवढं एक चांगलं झाड देतं. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेली टोकं दोन-दोन पानांसकट खुडा, तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर. पहाटेच्या ओंजळीसाठी कळ्या आदल्या संध्याकाळीच काढाव्या लागतात. मोगरा अंधार पडल्यावर उमलतो, सकाळी काढलेलं फूल दुपारी पिवळं पडतं. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत तो हिरवागार वाढतो आणि फुलत नाही, आणि माणसं म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं.

बोगनवेलीचं उलट. तिचे लाड थांबवा. पानं किंचित मान टाकेपर्यंत पाणी देऊ नका, नत्राचं खत अजिबात नको. जमिनीत असेल तर तुमच्या मदतीशिवायच एप्रिलभर रंगेल. गुलाबाचा हा शेवटचा मोठा बहर. सुकलेलं फूल पाच पानांच्या जोडापर्यंत कापत चला, पण भारी छाटणी आता ऑक्टोबरपर्यंत नाही. गुलकंदाचा गुलाब असेल तर त्याची फुलं आत्ता आणि चैत्रातच येतात, सकाळी ऊन चढायच्या आत तोडा. मे फ्लॉवरचा कंद मातीत नुसता पडून आहे म्हणून फेकू नका, एप्रिलच्या मध्यापासून त्याला थोडं थोडं पाणी सुरू करा. आंब्याला कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की नियमित पाणी सुरू करायचं. थोडी गळ होणारच, झाडाला पेलतील तेवढ्याच कैऱ्या ते ठेवतं.

किडींचं सांगतो. मार्चमध्ये कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके, मागे धूळ बसल्यासारखं आणि कोपऱ्यात जाळी दिसली तर तो कोळीच. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा, दोन-तीन दिवसांआड, हा त्यावरचा पहिला उपाय. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घोळून, सूर्य मावळल्यावर फवारा. उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. आणि फुललेल्या झाडांवर दिवसा काहीही फवारू नका. या दिवसांत शिंजीर नर निळा-जांभळा चमकायला लागलेला असतो, मधाला तुमच्याच जास्वंदीवर येणार, आणि नशीब असेल तर त्याची मादी व्हरांड्यातल्या एखाद्या लोंबत्या तारेला घरटं बांधेल. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसेल. तिला राहू द्या. थोडी पानं खाईल आणि फुलपाखरू होऊन जाईल.

पाण्याबद्दल. आपल्या घरांत नर्मदेचं पाणी येतं ते 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, खालच्या खोऱ्यातून पठारावर उचलून. ते जपूनच वापरावं, आणि झाडांसाठी मिळालं तर उत्तम. अनेकांकडे झाडांना बोअरिंगचं पाणी जातं. ते जड असेल तर मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर धरतो आणि अनंताची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा त्याला लोहाची कमतरता भासतेय असं समजा. आठवड्यातून एकदा तरी नर्मदेचं पाणी त्याला द्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात. लादी पुसायला वापरा.

वेळ सकाळी सातच्या आत. एप्रिलपासून लहान कुंड्यांना संध्याकाळीही लागेल. थोडं थोडं चार वेळा शिंपडण्यापेक्षा एकदाच खालून निथळेपर्यंत द्या. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. दुपारी पानं मान टाकतात म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर मुळांशी पाणी होतं. सावलीसाठीची हिरवी जाळी 50 टक्के ऊन अडवणारी पुरते, डोक्यावर सात फुटांवर बांधा आणि पश्चिमेची बाजू खाली सोडा. 90 टक्क्यांची जाळी लावली तर झाडं लांबुडकी होतात आणि मोगरा रुसतो. कुंड्या तापलेल्या फरशीवर थेट न ठेवता विटांवर ठेवा, आणि एकमेकींना खेटून. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळा. आणि त्या जाळीखाली दोन खुर्च्या मावतील एवढी जागा सोडा. लोक सगळी गच्ची कुंड्यांनी भरतात आणि बघायला उभं राहतात दारात. मार्चमध्ये सकाळी नऊपर्यंत तिथे चहा होतो, मेमध्ये रात्री जेवणं झाल्यावर. माळव्याची रात्र उतरते तेव्हा पश्चिमेचा वारा सुटतो, मोगरा त्याच वेळी उमललेला असतो, आणि दिवसाच्या चाळीस डिग्र्यांचा राग जरा कमी होतो.

राहिला तुमचा पुण्याचा पंधरवडा. पाण्याच्या उलट्या बाटल्या मेमध्ये दोन दिवसही पुरत नाहीत, त्यावर विसंबू नका. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे शेजारच्या एखाद्या मुलाला रोजचं काम लावून देणं, आणि जायच्या आधी दोन दिवस त्याच्याकडून आपल्यासमोर पाणी घालून घेणं, कारण प्रत्येकाचं ‘भरपूर’ वेगळं असतं. ते जमत नसेल तर सगळ्या कुंड्या गच्चीवरून खाली उतरवून अंगणात आंब्याच्या सावलीत खेटून मांडा. निघायच्या आठवडाभर आधीच उतरवा, म्हणजे सावलीची सवय होईल. कळ्या आणि फुलं खुडून टाका, पाचोळ्याचा थर वाढवा. मध्ये पाण्याचे टब ठेवून प्रत्येक कुंडीत जाडसर सुती दोरीचं एक टोक चार बोटं खोल खोचा, दुसरं टबाच्या तळाशी. टब कुंडीच्या मातीपेक्षा थोडा उंचावर हवा आणि वरून झाकलेला, नाहीतर अर्धं पाणी उन्हालाच जाईल. आठवड्यातून एकदा कुणी टब भरून दिले तर ही सोय चांगली चालते. जमिनीतल्या वेलांशेजारी मातीचा कच्चा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, तोंडावर झाकण. पाणी भिंतीतून हळूहळू पाझरतं आणि मुळं स्वतःच माठाकडे येतात. रंग दिलेला किंवा आतून लेप असलेला माठ यासाठी चालत नाही.

परत आल्यावर एखादं झाड पूर्ण वाळलेलं दिसलं तर लगेच उपटू नका. खोड नखाने जरा खरवडा. साल निघून खाली हिरवं दिसलं तर वरच्या वाळक्या फांद्या कापा, सावलीत ठेवा, माती जेमतेम ओली ठेवा आणि खत अजिबात घालू नका. जास्वंद आणि कण्हेर अशा अवस्थेतूनही फुटतात. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की पंधरा दिवस बघा, तोवरही काही हललं नाही तर मात्र ती कुंडी रिकामी करायला हरकत नाही.